माळावरचा लांडगा, उसातला कोल्हा: ओळख, कायदा आणि मेलेल्या मेंढीचा पंचनामा

प्रश्न थोडक्यात असा आहे. माण-आटपाडी-सांगोला पट्ट्यात मेंढरं आहेत. माळावर लांडगे दिसू लागलेत, उसाच्या फडातून रात्री कोल्हेकुई ऐकू येते आणि या हंगामात चार कोकरं गेली. घरात परवान्याची बंदूक आहे. अमेरिकेत कायोटी (कोल्ह्या-लांडग्यासारखा तिथला प्राणी) बाराही महिने मारतात, मग इथे एखादा लांडगा किंवा कोल्हा टिपला तर काय बिघडलं? आणि जनावर दिसलं तर कळवायचं कुणाला?

बंदुकीचा विषय आधी संपवू. मेंढी मारली म्हणून लांडगा मारायची परवानगी तुम्हाला मिळणार नाही. ती वनरक्षक देऊ शकत नाही, जिल्ह्याचे उपवनसंरक्षक देऊ शकत नाहीत, आणि कायद्याचे शब्द नीट वाचले तर राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षकही देऊ शकत नाहीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 मध्ये लांडगा अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. त्याच कायद्याचं कलम 11 सांगतं की अनुसूची 1 मधलं जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झालं असेल, किंवा बरं न होण्याइतकं जखमी अथवा आजारी असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी कारणं नोंदवून त्याला मारायचा आदेश काढू शकतात. त्यातही, पकडून, बेशुद्ध करून किंवा दुसरीकडे हलवून भागणार नाही याची खात्री आधी पटावी लागते. इथे ‘माणसाचा जीव’ हे शब्द महत्त्वाचे. मालमत्तेच्या नुकसानीचं कारण कायदा अनुसूची 2 मधल्या जनावरांसाठी मान्य करतो, अनुसूची 1 साठी नाही. आणि मेंढी ही कायद्याच्या लेखी मालमत्ता.

कोल्ह्याच्या बाबतीत बऱ्याच जणांच्या डोक्यात जुनं चित्र असतं. तो पूर्वी अनुसूची 2 मध्ये होता. 2022 च्या दुरुस्तीने, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, तोही अनुसूची 1 मध्ये गेला. त्यामुळे ‘लांडगा नको, पण कोल्ह्याला चालतं’ असं पारावर कुणी सांगितलं तर ती माहिती शिळी आहे. अनुसूची 1 मधल्या जनावराच्या शिकारीला किमान 3 आणि कमाल 7 वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड आहे.

शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं, असं समजू नका. व्याख्येत मारणं, विष घालणं, फास लावणं, पिंजरा किंवा सापळा लावणं, आमिष ठेवणं, पाठलाग करून हुसकणं आणि यांतल्या कशाचाही प्रयत्न, हे सगळं येतं. बिळात धूर करून पिल्लं बाहेर काढणं त्यात येतं. मेलेल्या शेळीत थिमेट किंवा फ्युराडानसारखं कीटकनाशक भरून माळावर टाकणंही येतं. रात्री जीपचा प्रकाशझोत मारत लांडग्यामागे गाडी पळवून व्हिडिओ काढणारी हौशी मंडळीही त्याच व्याख्येत बसतात. बंदूक हातात नव्हती म्हणून सुटका होत नाही.

मग बंदुकीचा परवाना कशाला उपयोगी? शस्त्र परवाना आणि शिकारीचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दुसरी गोष्ट अस्तित्वात नाही. गोंधळ होतो तो रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) यांच्यामुळे. पिकाचं नुकसान करणाऱ्या या दोन जनावरांसाठी राज्य सरकारने अटी घालून वनाधिकाऱ्यांमार्फत परवानगीची सोय ठेवली आहे. शेजारच्या तालुक्यात कुणाला डुकराची परवानगी मिळाली की आपल्याला लांडग्याची मिळेल असं लोक गृहीत धरतात. तसं होत नाही.

एक सूट मात्र खरी आहे. लांडगा तुमच्यावर किंवा दुसऱ्या माणसावर चालून आला आणि जीव वाचवताना चांगल्या हेतूने तुमच्या हातून तो जखमी झाला किंवा मेला, तर तो गुन्हा नाही. अट अशी की त्या वेळी तुम्ही स्वतः कायदा मोडत नसावेत. बिळातून पिल्लं काढताना मादी अंगावर आली, तर स्वसंरक्षणाचं कारण चालणार नाही. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता असतं. ते पुरून टाकलं, कातडं किंवा नखं ठेवून घेतली, तर जिथे गुन्हा नव्हता तिथे तुम्ही स्वतःच तो तयार करता. जाता जाता ‘कोल्ह्याच्या शिंगा’बद्दल. धनलाभासाठी म्हणून ते हजारोंना विकतात. कोल्ह्याला शिंग नसतं. जे विकतात ते कातडं, केस आणि हाड जोडून केलेलं असतं, आणि त्यात खरोखर कोल्ह्याचा अवयव निघालाच तर विकणारा आणि घेणारा दोघेही अडकतात.

अमेरिकेचं उदाहरण व्हिडिओंमुळे सारखं समोर येतं, म्हणून त्याबद्दल थोडं. कायोटी हा उत्तर अमेरिकेतला प्राणी, आकाराने साधारण आपल्या कोल्हा आणि लांडगा यांच्या मधला. तिथे त्याच्या शिकारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतः ठरवतं आणि बहुतेक ग्रामीण राज्यांत त्याच्यावर वर्षभर शिकार खुली असते. लांडग्याचं तसं नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने उत्तर रॉकी पर्वतराजी वगळता लांडग्याचं संघीय संरक्षण परत लागू केलं. माँटाना, आयडाहो, वायोमिंग ही राज्यं त्या वगळलेल्या भागात येतात, म्हणून तिथे लांडग्याचीही शिकार चालते. विस्कॉन्सिनमध्ये कायोटी मारता येतो, लांडगा नाही. याच विस्कॉन्सिनमध्ये फेब्रुवारी 2021 मध्ये, संरक्षण उठलेलं असताना, 119 लांडग्यांची मर्यादा घालून शिकार उघडली आणि तीन दिवसांच्या आत 218 मारले गेले. ओळखीचा घोळ तिथेही होतो: डिसेंबर 2021 मध्ये न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउनजवळ एका शिकाऱ्याने मोठा कायोटी समजून जो प्राणी मारला, तो 85 पौंडांचा होता आणि जनुकीय तपासणीत लांडगा निघाला. तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपल्या राज्याच्या वन्यजीव खात्याची त्या वर्षाची पुस्तिका वाचावी. इथल्या माणसाने त्यातलं काहीच इथे लावू नये.

आता मुद्द्याचं बोलू. कोकरं कुणी नेली हे ठरवल्याशिवाय पुढचं सगळं वाया जातं. ‘लांडगा आला’ म्हणून जी माहिती येते तिच्यात कोल्हा, तरस, बिबट्या आणि सगळ्यात जास्त भटकी कुत्री असतात. भरपाईही त्यावरच अडते, कारण वन्यप्राण्याने मारलं तर पैसे मिळतात, कुत्र्याने मारलं तर वन खातं देत नाही.

लांडगा उंच आणि हडकुळा दिसतो. खांद्यापाशी उंची दोन फुटांच्या आसपास किंवा थोडी जास्त, वजन साधारण 18 ते 25 किलो. पाय लांब, छाती अरुंद, रंग राखी-बदामी, पाठीवर काळपट केसांची झाक. शेपटी झुपकेदार आणि खाली सोडलेली. कुत्र्याची शेपटी बहुधा वर वळलेली असते आणि छाती रुंद असते. पळताना लांडगा डोकं पाठीच्या रेषेत ठेवतो आणि एकसारख्या दुडक्या चालीने माळ कापत जातो. थांबतो, मागे वळून बघतो, परत चालू लागतो. कुत्रा इकडेतिकडे हुंगत, रेंगाळत जातो.

कोल्हा याच्या निम्म्यापेक्षाही कमी: 7 ते 11 किलो, उंची सव्वा ते दीड फूट, शेपटी आखूड आणि टोकाला काळी. खोकड तर मांजरापेक्षा जरा मोठं, कान मोठे, शेपटी लांब आणि तिचंही टोक काळं. ते उंदीर, टोळ, सरडे खातं आणि मेंढपाळाचं काही बिघडवत नाही. तरसाचे पुढचे पाय उंच आणि मागचे बुटके, त्यामुळे पाठ मागे उतरती दिसते. अंगावर पट्टे, मानेवर आयाळ. अंधारात गाडीच्या उजेडात तरस दिसलं की हमखास ‘मोठा लांडगा’ म्हणून व्हिडिओ फिरतो.

अलीकडे एक अडचण वाढली आहे. पुण्याजवळच्या माळरानात लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचं जनुकीय अभ्यासातून सिद्ध झालं आहे. फिकट, पिवळसर किंवा ठिपकेदार रंगाचं, पण चाल लांडग्याची असं जनावर दिसलं तर त्याची नोंद जरूर द्या. नुसत्या डोळ्यांनी त्याचा निकाल लावायच्या भानगडीत पडू नका.

ठशांवरून बरंच कळतं, पण लोक चुकीची गोष्ट मोजतात. लांडग्याच्या पुढच्या पायाचा ठसा 8 ते 9 सेंटिमीटर लांब असतो, आणि मोठ्या धनगरी कुत्र्याचाही तेवढाच असतो. एका ठशावरून या दोघांत फरक करणं धोक्याचं. त्यापेक्षा ओढ्याच्या वाळूत किंवा धुळीच्या वाटेवर वीस-पंचवीस पावलांची रांग शोधा. लांडग्याची रांग जवळजवळ सरळ रेषेत जाते आणि मागचा पाय पुढच्याच्या ठशात पडतो. कुत्र्याची रांग वाकडी आणि फाकलेली असते. कोल्ह्याचा ठसा लहान, 5 सेंटिमीटरच्या आसपास, आणि मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूला एकमेकींना जोडलेल्या. बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत आणि मागची गादी रुंद, तीन फुगीर भागांची असते. तरसाच्या ठशात नखं दिसतात, पण पुढचा पंजा मागच्यापेक्षा स्पष्ट मोठा असतो. फोटो काढताना शेजारी काडेपेटी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवा आणि मोबाईल ठशाच्या बरोबर वर धरा. तिरका काढलेला फोटो मोजमापाला निरुपयोगी.

सगळ्यात भरवशाचा पुरावा मात्र मेलेल्या जनावरावर असतो. बिबट्या बहुधा गळा धरतो, दाबून ठेवतो आणि शिकार ओढत झुडपात किंवा उसात नेतो. ओढल्याची फरफट स्पष्ट दिसते. वाड्याची (मेंढरं बसवायच्या जागेची) भिंत किंवा जाळी ओलांडून आत शिरणं हे बहुतेक वेळा त्याचंच काम. लांडगा कळप चरताना, हलताना किंवा सांजेला परतताना मागे पडलेल्यावर झडप घालतो. मान, गळा किंवा मागचा भाग पकडतो. कोकरू असेल तर उचलूनच नेतो, जागेवर रक्ताचे थेंब आणि थोडी लोकर एवढंच उरतं. भटकी कुत्री याच्या उलट. चार-पाच मेंढ्यांना जखमा, मांड्या, शेपटी, कान, पोट सगळीकडे फाडाफाड, आणि खाल्लेलं जवळजवळ काहीच नाही. दहा मेंढ्या फाडून एकही खाल्लेली नसेल तर आधी कुत्र्यांचा संशय घ्या, मग गावात कुणी काहीही म्हणो.

कोल्ह्यावर निष्कारण आळ येतो तो विण्याच्या काळात. तो विल्यानंतर पडलेली वार खायला येतो, मेलेलं पिल्लू ओढून नेतो, आणि सकाळी दिसतं ते अर्धवट खाल्लेलं कोकरू. जिवंत कोकरू कोल्हा नेतच नाही असं नाही. ताजं, अशक्त, आईपासून सुटलेलं तो नेतो. पण फरक तपासता येतो. चाव्याच्या जागी कातडं सोलून खालचं मांस बघतात. जनावर जिवंत असताना दात लागले असतील तर कातड्याखाली रक्त साकळलेलं असतं, गडद लाल-जांभळा डाग दिसतो. मेल्यानंतर चावलं असेल तर भोक असतं, डाग नसतो. जन्मतःच मेलेलं कोकरू ओळखायला पशुवैद्यक फुप्फुसाचा तुकडा पाण्यात टाकतात. श्वास घेतलेलं फुप्फुस तरंगतं, न घेतलेलं बुडतं. ही तपासणी स्वतः करू नका, कारण तुम्ही सुरी लावलेलं जनावर पंचनाम्यात वादाचं होतं. डॉक्टरांना मात्र ‘कातड्याखाली बघा आणि अहवालात लिहा’ असं आवर्जून सांगा. घाईत केलेल्या अहवालात ‘हिंस्र प्राण्याच्या हल्ल्यात मृत्यू’ एवढं मोघम वाक्य येतं, आणि ‘हिंस्र प्राणी’ या शब्दांत कुत्राही बसतो. प्रकरण तिथेच लटकतं.

मेंढी पडली की काय करायचं

जनावर हलवू नका. गिधाडं आता फारशी राहिली नाहीत, पण कावळे आणि कुत्री तासाभरात पुरावा संपवतात, म्हणून वर ताडपत्री किंवा बाभळीच्या फांद्या टाकून एक माणूस बसवा. ताडपत्री टाकायच्या आधी फोटो: लांबून एक, ज्यात विहीर, खांब, झाड अशी ओळखीची खूण येईल, मग पूर्ण जनावर, मग मान आणि जखमा जवळून, कानाचा बिल्ला असेल तर त्याचा नंबर वाचता येईल असा. आजूबाजूचे ठसे आणि फरफट. मोबाईलमध्ये स्थान नोंदवण्याची सोय चालू ठेवा.

त्यानंतर बीटच्या, म्हणजे आपल्या हद्दीच्या, वनरक्षकाला कळवा. नंबर नसेल तर वन विभागाचा 1926 हा टोल फ्री क्रमांक लावा. घटना 48 तासांच्या आत कळवायची असते. फोनवर भागवू नका. वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या; पुढे उशीर कुणाचा झाला हा वाद निघाला तर ती पोचच तुमच्या बाजूने बोलते. पंचनाम्याला वनरक्षक किंवा वनपाल, पशुधन विकास अधिकारी आणि स्थानिक पंच लागतात. पोलीस पाटील हजर असतील तर बरं. सही करायच्या आधी पंचनामा वाचा. जनावरांची संख्या, नर-मादी, वय, जागा, आणि कोणत्या प्राण्याने मारलं हा रकाना भरलाय का, एवढं बघा. कोऱ्या रकान्यांवर सही करायची नाही. आधार, बँक पासबुकाची प्रत आणि रहिवासाचा पुरावा सोबत लागतो.

रकमेचा हिशोब असा. 2022 च्या शासन निर्णयाप्रमाणे मेंढी किंवा शेळी मेली तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांतली जी रक्कम कमी असेल ती. गाय, म्हैस, बैल यांना हीच टक्केवारी आणि 70,000 ची मर्यादा. म्हणजे 12,000 ची मेंढी गेली तर 9,000 मिळतात. 40,000 चा माडग्याळ जातीचा मेंढा गेला तर 75 टक्के 30,000 होतात, पण हातात पडतात 15,000. हे दर मधूनमधून बदलतात, अर्ज देताना चालू निर्णयाची प्रत कार्यालयातच मागा. महागडा मेंढा पाळणाऱ्याने सरकारी भरपाईच्या भरवशावर राहू नये, त्याचा विमा वेगळा उतरवावा. बाजारभाव डॉक्टर ठरवतात. जवळच्या आठवडी बाजाराची अलीकडची पावती जवळ असेल तर ती दाखवा, कारण कागदाविना अंदाज नेहमी खालच्या बाजूला झुकतो.

अर्ज फेटाळले जातात त्याची कारणं ठरलेली आहेत. जनावर पुरून टाकलं किंवा खाटकाला दिलं. कळवायला उशीर झाला. मृतदेहच नाही, कारण कोकरू उचलून नेलं. या शेवटच्या बाबतीत फरफटीच्या दिशेने शोध घ्याच. पाचशे मीटर ते किलोमीटरच्या टप्प्यात, ओढ्याच्या कडेला किंवा झुडपात बहुधा खूर, डोकं, कातड्याचा तुकडा मिळतो. मिळाला की तिथेच ठेवा, जागेचा फोटो काढा आणि पंचनाम्यात दोन्ही जागा लिहून घ्या. आणखी एक कारण: त्याच परिसरात विषाने मेलेलं वन्यजनावर सापडलं. विष घातल्याचा संशय आला की भरपाई राहते बाजूला, चौकशी तुमचीच सुरू होते.

चारणीला बाहेर पडलेल्या धनगरांची यात फार ओढाताण होते. घटना घडते एका तालुक्यात, कागदपत्रं असतात दुसऱ्या जिल्ह्यात, आणि उद्या सकाळी वाडा हलवायचा असतो. अर्ज घटना जिथे घडली त्या वनपरिक्षेत्रातच द्यायचा. ज्याच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवली आहेत त्या शेतकऱ्याला पंच म्हणून घ्या, म्हणजे तुम्ही त्या दिवशी तिथे होतात याचा साक्षीदार कायमचा तिथेच राहतो. आधार आणि पासबुकाच्या प्रती वाड्यावर प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या असाव्यात. एवढ्या दोन गोष्टी केल्या तरी निम्मी कटकट वाचते.

नुकसान मुळात होऊच नये म्हणून

दख्खनच्या पठारावर लांडगीण साधारण डिसेंबर-जानेवारीत विते. पिल्लं मोठी होताना कळपाला जास्त खाणं लागतं, आणि पुष्कळ वाड्यांवर कोकरंही थंडीतच असतात. या काळात दर रात्री जागता पहारा हवा. बाकीच्या वर्षात थोडं सैल चालतं.

फिरत्या वाड्याला वाघूर, म्हणजे मेंढरांभोवती उभी करायची जाळी, हाच आधार आहे, पण ती नुसती उभी करून भागत नाही. जाळीचा खालचा काठ जमिनीपासून हातभर वर राहिला तर कोल्हा आणि कुत्रा दोन्ही आत येतात. दर दोन-तीन पावलांवर खुंटी ठोकून काठ ताणून घ्या, किंवा दगड ठेवा. कोकरांना वेगळं डालग्याखाली किंवा मध्यभागी छोट्या आडोशात ठेवा, जाळीच्या कडेला नको. कायमच्या गोठ्याला सहा फूट उंच चेनलिंक जाळी आणि खाली दीड फूट जमिनीत गाडलेली पट्टी हे पुरतं. बिबट्याचा वावर असेल तर वरूनही जाळी लागते, नुसत्या उंचीला तो जुमानत नाही.

दिवसा खरी अडचण दुसरा माणूस नसण्याची आहे. दीडशे-दोनशे मेंढरांमागे एकच गुराखी असेल तर तो पुढे असतो आणि लंगडं, आजारी, नुकतं व्यालेलं मागे राहतं. लांडग्याला नेमकं तेच हवं असतं. बऱ्याचदा एक लांडगा समोरून दिसेल असा फिरून कुत्र्यांना भुलवतो आणि दुसरे दोन ओढ्यातून वर येतात. एक माणूस पुढे, एक मागे, आणि व्यालेली वाड्यावरच. उंच गवत, ज्वारीचं पीक, ओढ्याचा वळसा इथे मेंढरं पांगू द्यायची नाहीत.

कुत्री चांगली असतील तर ती कुठल्याही दिव्यापेक्षा बरी. गळ्यात खिळ्यांचा पट्टा घाला, कारण लांडगा मानच धरतो. त्यांना रेबीज आणि डिस्टेंपर या दोन्हींची लस द्या. हे आजार कुत्र्यांकडून लांडग्या-कोल्ह्यांकडे जातात आणि फिरून तुमच्या जनावरांपर्यंत येतात. दिवसाढवळ्या निर्धास्त गावात शिरणारा, लाळ गाळणारा, समोर दिसेल त्याला चावणारा कोल्हा भुकेला नसतो, तो बहुधा रेबीजचा असतो. तो चावला किंवा ओरखडला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्यायची. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिनही मागायचं. मेंढीला चावला असेल तर तिलाही लसीचा पूर्ण कोर्स लागतो, आणि तोवर तिचं दूध वापरायचं नाही.

दिवे, फटाके, भोंगे यांचा उपयोग आठवडाभर होतो. लांडगा शिकतो. झगमगणारे दिवे लावायचे तर रोज जागा बदला. विजेचा प्रवाह सोडलेल्या तारेच्या फंदात अजिबात पडू नका. अशा तारांना दर वर्षी माणसं चिकटून मरतात आणि मग कलम नुसतं वन्यजीव कायद्याचं राहत नाही, माणूस मेल्याचंही लागतं. डुकरासाठी लावलेले क्लच वायरचे फासही तितकेच वाईट, त्यात तुमचंच कुत्रं अडकतं.

ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट म्हणजे कोंबड्यांच्या शेडमागचा उकिरडा. मेलेली पिल्लं, आतडी उघड्यावर टाकली की आधी कुत्री जमतात, मग कोल्हे, मग लांडगे. तिथून शेजारच्या वाड्याकडे यायला त्यांना काही वेगळं आमंत्रण लागत नाही. मेलेली जनावरं पाच-सहा फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायला हवीत, आणि हे एकट्याने करून उपयोग नाही. पोल्ट्रीवाला ऐकत नसेल तर ग्रामपंचायतीत लेखी तक्रार द्या. लांडग्याच्या तक्रारीपेक्षा या तक्रारीने फरक लवकर पडतो.

नुसता दिसला, नुकसान काही नाही, तरी नोंद कामाची असते. तारीख, वेळ, जागा, किती जनावरं, कुठून कुठे गेली एवढं वनरक्षकाला कळवा. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर, सातारा, बीड, धाराशिव या पट्ट्यातले बहुतेक लांडगे अभयारण्यात राहत नाहीत. नान्नज, रेहेकुरी, मयुरेश्वर ही नावं माहीत असतात, पण एका कळपाचा वावर दीडशे-दोनशे चौरस किलोमीटरचा, म्हणजे गायरानं, पडीक माळ, शेतं यांतूनच. कागदावर नोंद नसलेल्या माळावर उद्या सौर प्रकल्प किंवा मुरुमाची खाण आली तर तिथे लांडगा होता हे सिद्ध करायला काही उरत नाही. तो माळ गेला की चराईही जाते, हे मेंढपाळाला वेगळं सांगायला नको.

बीळ सापडलं तर जागा फक्त वन खात्याला सांगा, व्हॉट्सॲपच्या गटावर टाकू नका. दोन दिवसांत तिथे गाड्या लागतात. माणसांची वर्दळ झाली की लांडगीण पिल्लं एकेक करून दुसरीकडे हलवते, आणि ती जागा तुमच्या वाड्याच्या आणखी जवळही असू शकते. पिल्लं मारली किंवा जोडीतला एक मारला तर उपद्रव थांबतो हा समज तेवढाच चुकीचा. कळप मोडतो, मागे राहिलेला एकटा हरणामागे पळू शकत नाही आणि सोपी शिकार म्हणून मेंढरांकडे वळतो. जोडीदार मिळाला नाही तर कुत्र्यांत मिसळतो. मग जे जन्माला येतं त्याला माणसाची भीतीही कमी असू शकते.

तुमच्या चार कोकरांचा पंचनामा आता होणार नाही, मुदत गेली. पाचवं जाऊ नये यासाठी आज संध्याकाळी वाघुरीचा खालचा काठ तपासा, आणि बीटच्या वनरक्षकाचा नंबर वाड्यावरच्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये घालून ठेवा.